आमच्या घराची मोजणी

चौतीस वर्षं मी लोकांच्या जमिनी मोजल्या. १९८८ साली भूकरमापक म्हणून खात्यात लागलो, २०२२ला निवृत्त झालो. मधली वर्षं जत, पाटण, खटाव आणि शेवटी सातारा. या काळात किती जणांना "अर्ज अपुरा आहे, पुन्हा या" म्हणून माघारी लावलं असेल, त्याचा हिशोब माझ्याकडे नाही. पण कुणीतरी तो ठेवला असावा. कारण २०२४च्या जूनमध्ये तेवीस-चोवीस वर्षांच्या एका मुलीनं माझाच अर्ज माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "काका, तेरा नंबर रिकामा आहे. तो भरल्याशिवाय पुढं जाता येणार नाही."

अर्ज कुत्र्यासाठी होता. तोही सात किलो वजनाच्या, धड गावठी नाही आणि धड पामेरियन नाही अशा एका कुत्रीसाठी.

कुत्रं पाहिजे हे बायकोचं. मुलगा, सून, नात पुण्यात. इथं साताऱ्यात, गोडोलीच्या घरात मी, ती आणि माझी आई. आई चौऱ्याऐंशी वर्षांची, हातात काठी, त्यामुळे मोठं कुत्रं चालणार नव्हतं. लॅब्राडॉरनं नुसती लाडानं उडी मारली तरी म्हातारी आडवी व्हायची. बायकोचेही गुडघे बोलायला लागलेत. म्हणून लहान चणीचं बघू म्हणालो आणि पहिल्यांदा गेलो ते पिल्लं विकणाऱ्या एका माणसाकडे. पिल्लं अगदी कापसाचे गोळे. बारा हजार सांगितले. (आपण ज्याला सरसकट पामेरियन म्हणतो ते बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतं, खरं पामेरियन तीन किलोच्या आसपास भरतं, हे ज्ञान मला पुढं झालं.) मी भाव करत होतो. बायकोनं विचारलं, "यांची आई कुठाय?" त्यानं नाखुशीनंच मागच्या शेडचं दार लोटलं. पाठीवरचे केस गेलेली एक कुत्री पिंजऱ्यात होती. पिंजऱ्याची उंची एवढीच की तिला मान खाली घालूनच उभं राहावं लागत होतं. बायको एक शब्द बोलली नाही, जाऊन स्कूटरजवळ उभी राहिली. घरी आल्यावर चहाचं आधण ठेवताना म्हणाली, "विकतचं नको."

बेवारस कुत्र्यांच्या शेल्टरचा पत्ता भाच्यानं दिला. शेल्टरचं नाव मी इथं लिहीत नाही, आणि ते तिथल्या लोकांच्याच सांगण्यावरून. नाव गाजलं की सकाळी गेटला खोकी बांधलेली सापडतात, खोक्यात डोळेही न उघडलेली चार-पाच पिल्लं. शहराबाहेर माळावर पत्र्याची तीन शेडं, चारी बाजूंनी जाळी, पन्नास-साठ कुत्री. आत पाऊल टाकण्याआधी चपलांचे तळवे औषधाच्या पाण्यात बुडवायला लावले. मला ते थेर वाटले. मग त्या मुलीनं सांगितलं की पार्वो या कुत्र्यांच्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो आणि माणसाच्या चपलेवरून घरोघर जातो. आदल्या वर्षी एका आठवड्यात अकरा पिल्लं गेली होती. मी मुकाट्यानं दुसरा पायही बुडवला.

मला एक पांढरं पिल्लू आवडलं होतं. ते दिलं नाही. नाही म्हणण्याची तिची पद्धत मला आवडली. आम्ही खात्यात "नियमात बसत नाही" म्हणून मोकळे व्हायचो, ही कारण सांगत होती. पिल्लाला दीड-दोन महिन्यांपासून लशींचे डोस सुरू होतात ते चार महिन्यांपर्यंत चालतात, तिसऱ्या महिन्यानंतर रेबीजची लस, तोवर रस्त्यावर न्यायचं नाही, दिवसातून चार वेळा खायला घालायचं, रात्री उठायचं, घरभर पुसायचं. "आजींच्या पायात येईल काका. आणि मुख्य म्हणजे हे मिक्स आहे. आज ओंजळीत मावतंय, वर्षानं गुडघ्याएवढं होईल की कमरेएवढं, ते मी सांगू शकत नाही. लहान कुत्रंच पाहिजे असेल तर वाढ पूर्ण झालेलं घ्या." हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. लहान कुत्रं म्हणजे लहान वयाचं, असाच माझा हिशोब.

मग तिनं शेवटच्या शेडमधून ही आणली. अंदाजे तीन वर्षांची. रंग गुळाच्या ढेपेचा, पाय आखूड, शेपूट झुपकेदार, एक कान उभा आणि दुसरा अर्ध्यातून मोडलेला. डाव्या कानाच्या टोकाला इंग्रजी व्हीसारखी खाच. ती खाच म्हणजे नसबंदी झाल्याची खूण, आमच्या भाषेत हद्दीचा दगड. पुन्हा पकडून पुन्हा पोट फाडू नये म्हणून भूल उतरायच्या आधीच ती कापतात. महामार्गाच्या कडेला एका ढाब्यामागं सापडली होती, गळ्यात पट्ट्याचा वळ होता, पट्टा नव्हता. शेल्टरमधलं नाव ब्राउनी. आमच्याकडे बघितलं नाही, जवळ आली नाही, बायकोच्या पिशवीचा वास घेतला आणि पाठ करून बसली. बायको म्हणाली, "हीच."

आता अर्ज. चार पानं, एकतीस प्रश्न. घर स्वतःचं की भाड्याचं. घरातल्या प्रत्येकाची संमती आहे का, सह्या. कुत्रं रात्री कुठं झोपणार. गच्चीचा कठडा किती उंच. महिन्याला खर्च किती करू शकाल. तुम्ही गावाला गेलात तर कोण सांभाळेल, नाव आणि फोन. आणि एक जरा जिव्हारी लागणारा: तुमचं वय काय, लहान कुत्रं चौदा-पंधरा वर्षं जगतं, तुमच्यानंतर कोण? मी साठीचा. ही पंधराची होईल तेव्हा मी बहात्तरचा. तिथं मुलाची सही लागणार होती, दुसरा पालक म्हणून. मुलगा फोनवर हसला. "बाबा, तुमच्या वारसनोंदीला सुरुवात कुत्र्यापासून झाली."

तेरावा प्रश्न असा: "याआधी तुमच्याकडे कुत्रं होतं का? त्याचं काय झालं?"

मी तो सोडून पुढं गेलो होतो. तिनं बोट ठेवल्यावर लिहिलं, "होतं. वय होऊन गेलं." तिनं वाचलं, मान हलवली आणि गृहभेटीची तारीख दिली.

गृहभेट म्हणजे सरळ सरळ मोजणी. आमच्याकडे मोजणीचा अर्ज आला की आधी लगतधारकांना, म्हणजे शेजारच्या जमीनवाल्यांना, नोटिसा जातात, मग जागेवर जायचं, हद्दी दाखवून घ्यायच्या, मोजायचं, खुणा करायच्या, कुणाची हरकत असेल तर जबाब घ्यायचा. ही मुलगी रविवारी सकाळी दहाला आली ती खिशात पाच मीटरची टेप घेऊन आणि हे सगळं त्याच क्रमानं केलं. फक्त नोटीस द्यायची राहिली होती, त्याचे परिणाम पुढं दिसले.

पहिल्यांदा गेट. खालची फट मोजताना तिची टेप मधे झोळ खात होती. मला राहवेना, मी दुसरं टोक धरलं. सहा इंच. "जिथनं डोकं जातं तिथनं कुत्रं जातं काका. हिचं डोकं पाच इंचात जाईल." खालून पट्टी जोडून घ्या म्हणाली. कंपाऊंडच्या मागच्या कोपऱ्यात पाणी जायला ठेवलेलं भोक तिनं शोधलं, जे घर बांधल्यापासून मी बघितलं नव्हतं. दीड गुंठ्याचं घर, म्हणजे सोळाशे तेहतीस चौरस फूट, त्यातला इंच न् इंच मला पाठ, असं मी चारचौघांत सांगायचो. गच्चीचा कठडा पास झाला. उंदरांसाठी माळ्याखाली ठेवलेलं औषध नापास, आजच्या आज बाहेर. कुंडीतली करवीर उचलून वर ठेवा. स्वयंपाकघरात तिनं बायकोला विचारलं, उरलंसुरलं घालणार का? बायको म्हणाली, भाजी-भाकरी घालू की. "कांदा-लसूण असलेलं काही नको काकू. कांद्यानं त्यांचं रक्त कमी होतं. बेदाणे, द्राक्षं, चॉकलेट अजिबात नाही." बायकोनं कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवलं. साताऱ्यात कांदा-लसूण मसाल्याशिवाय उरलंसुरलं काय असतं, हा प्रश्न तिनं त्या मुलीसमोर विचारला नाही, मला नंतर विचारला.

चहा झाला आणि तिनं सहज विचारलं, "काकू, तुमचं आधीचं कुत्रं किती वर्षांचं होऊन गेलं?"

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "तो नाही गेला. आम्ही गेलो."

जतला असताना राजा नावाचा एक कुत्रा होता. तांबडा, गावठी, क्वार्टरच्या अंगणात आपणहून आलेला. पाच वर्षं होता. १९९७ला माझी पाटणला बदली झाली. टेम्पोत सामान बसत नव्हतं, मुलगा लहान होता, पाटणचं घर वरच्या मजल्यावर, आणि खरं सांगायचं तर कुत्रा न्यायचा असतो हे कुणाच्या मनातही आलं नाही. कुत्रा अंगणाचा होता. शेजारच्यांना भाकरी घाला म्हणून सांगितलं, एवढ्यावर आमची जबाबदारी मिटली. तो टेम्पोमागं धावलाबिवला नाही. पायरीवर बसून बघत होता. रोज आम्ही सकाळी जायचो आणि संध्याकाळी यायचो, त्यातलंच हे एक, असं त्याला वाटलं असणार.

मी आयुष्यभर लोकांचे जबाब घेतले आहेत. हद्दीचा दगड कुणी सरकवला हे विचारलं की माणूस आधी छपराकडे बघतो, हे मला ठाऊक आहे. त्या दिवशी मी छपराकडे बघत होतो.

मुलीनं अर्ज काढला, माझी ओळ आडवी रेघ मारून खोडली आणि पेन माझ्याकडे दिलं. रागावली नाही, समजूतही घातली नाही. म्हणाली, "तेरा नंबरला बहुतेक सगळे हेच लिहितात, वय होऊन गेलं. आमच्याकडची अर्धी कुत्री त्यांच्या घरच्यांच्या मते म्हातारी होऊन गेलेली आहेत." मी खरं लिहिलं. जागा कमी पडली, समासात लिहावं लागलं.

मग लगतधारक. 'गावाला गेलात तर कोण सांभाळेल' इथं मी शेजारच्या भाऊंचं नाव लिहून मोकळा झालो होतो. भाऊ एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले, आवाज अजून स्टँडवरचाच. त्यांना विचारलं नव्हतं. मला वाटलं, फॉर्ममध्ये लिहायला कुणाचं तरी नाव लागतं, तसं लिहिलं. ती पोरगी कंपाऊंडपाशी गेली आणि म्हणाली, "काका, हे गावाला गेले की कुत्रं तुम्ही सांभाळणार ना?"

"कुत्रं? मी?" भाऊंनी पेपर खाली ठेवला. "मोजणीसाहेब, हे काय नवीन?"

मग हरकती नोंदवल्या गेल्या. भुंकणार. केस उडणार. गाडीच्या टायरवर मुतणार. नातू सुट्टीला येतो, त्याला चावलं तर पोटात चौदा इंजेक्शनं. मुलगी शांतपणे म्हणाली, पोटातली इंजेक्शनं कधीच गेली, आता दंडात देतात, आणि हिला रेबीजची लस दिलेली आहे, हे कार्ड बघा. भाऊंनी कार्ड बघितलं नाही.

आई तोवर काठी टेकत ओट्यावर आली होती. आईचं कुळदैवत पालीचा खंडोबा. खंडोबाच्या पायाशी कुत्रं असतंच. तरीही आदल्या आठवड्यात तिनं मला बजावलं होतं, "खंडोबाचं कुत्रं खंडोबापाशी. आपल्या देव्हाऱ्याकडं फिरकायचं न्हाई." म्हणजे ती आमच्या बाजूची होती असं नाही. पण बाहेरच्या माणसानं हरकत घेतली की आमच्या आईचा पक्ष बदलतो.

"आरं भाऊ," ती म्हणाली, "माहुलीला कधी गेलायस का न्हाई? शाहू म्हाराजांनी खंड्या कुत्र्याला पालखी दिली. मेल्यावर समाधी बांधली. अन् तुला टायरचं पडलंय?"

यावर साताऱ्याचा माणूस काय बोलणार. संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या काठी, राजघराण्यातल्या समाध्यांच्या बरोबरीनं त्या कुत्र्याची दगडी मूर्ती आहे. शिकारीत वाघाच्या तावडीतून त्यानं महाराजांना वाचवलं असं सांगतात. पेशवे नेमणाऱ्या छत्रपतींनी कुत्र्याला पालखीचा मान दिला, ही गोष्ट इथं प्रत्येकाला लहानपणी सांगितलेली असते, आणि प्रत्येक जण ती ऐकून दारातल्या कुत्र्याला दगड मारतो. भाऊ म्हणाले, "बघू."

मुलीनं फॉर्मवर त्या रकान्यात लिहिलं: बघू म्हणाले.

नऊ दिवस काही निरोप नाही. तेरा नंबरनं घात केला असं मी धरून चाललो. बायकोनं माझ्याशी तेवढ्यापुरतंच बोलणं ठेवलं. दरम्यान मी गेटला पट्टी जोडून घेतली, नऊशे रुपये. पाण्याच्या भोकाला जाळी लावली. अर्ज नामंजूर होणार असं वाटत असताना हे काम का केलं ते मला सांगता यायचं नाही. दहाव्या दिवशी फोन आला, "शनिवारी या. आधार, लाईट बिल आणि मुलाला घेऊन या."

करारात काय होतं ते थोडक्यात: साखळीला दिवसभर बांधायचं नाही, विकायचं नाही, पैदाशीला वापरायचं नाही (तो प्रश्नच उरला नव्हता), दरवर्षी लस, आणि जमलं नाही तर दुसऱ्या कुणाला परस्पर द्यायचं नाही, इथंच परत आणायचं, कधीही, कितीही वर्षांनी. पहिले सहा महिने दर महिन्याला एक फोटो पाठवायचा. पैसे मागितले नाहीत. लशींच्या खर्चापोटी मी बाराशे दिले, त्याची रीतसर पावती मिळाली. पावती बघून मला बरं वाटलं. सवय.

येताना पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमध्ये, बरोबर बोगद्याच्या मध्यावर, ती मुलाच्या मांडीवर ओकली.

घरात शिरली ती भिंतीकडेनं, पोट जमिनीला घासत. कॉटखाली गेली नाही, आम्ही पोतं अंथरलेल्या कोपऱ्यात गेली नाही. अख्ख्या घरात तिला सुरक्षित वाटणारी एकच जागा सापडली: देव्हाऱ्याचा कडाप्पा आणि त्याखालचा कोनाडा. तिथं जाऊन वळकटी झाली. आई बघत राहिली. शेल्टरमध्ये सांगितलं होतं, तीन दिवस घाबरण्याचे, तीन आठवडे घर समजून घेण्याचे, तीन महिने तुमचं व्हायला. ओढून काढू नका, टक लावून बघू नका, पाहुणे बोलावू नका. दोन दिवस तिनं अन्नाला तोंड लावलं नाही, फक्त रात्री सगळे झोपले की पाणी प्यायचा लपलप आवाज यायचा. आईनं दोन दिवस पूजा हात लांब करून केली. तिसऱ्या दिवशी घंटा वाजवलीच नाही. मी विचारलं तर म्हणाली, "दचकतंय ते." आणि ताटातला साखरफुटाणा खाली सरकवला. डॉक्टरांच्या यादीत साखरफुटाणा 'नको' मध्ये होता. मी गप्प बसलो.

नावाचाही घोळ झाला. आईला ब्राउनी म्हणता येईना. "भाऊनी" म्हणायला लागली. हाक मारायची ती ओट्यावरून, खणखणीत: "भाऊनीऽ, ये गं!" पलीकडं भाऊ. चार दिवस त्यांनी सहन केलं, मग कंपाऊंडवरून म्हणाले, "साहेब, हे मुद्दाम चाललंय का?" मी शपथेवर सांगितलं की नाही. त्यांना पटलं नाही. पण कुत्रीला पटलं होतं, ती भाऊनीलाच कान टवकारायची, उभा तेवढाच.

सोळाव्या दिवशी ती उठेना. नाक गरम, हिरड्या पांढुरक्या, नेहमीचं अंडं हुंगून सोडलं. डॉक्टरांनी थर्मामीटर लावलं, एकशे चार. कुत्र्याचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम, एकशे एक ते दीड-दोन त्याला साधारण, पण चार म्हणजे ताप. बोटांच्या बेचक्यात त्यांनी चिमट्यानं गोचीड धरला आणि मला दाखवला, मुगाएवढा. रक्त तपासलं, प्लेटलेट्स खूप खाली. गोचीडताप. पावसाळ्यात रोज दोन-तीन केसेस येतात म्हणाले. डॉक्सीसायक्लिन, अठ्ठावीस दिवस, एक दिवस चुकवायचा नाही, मधेच बरं वाटलं तरी थांबवायचं नाही. उपाशीपोटी द्यायची नाही. गोचीड नखानं चिरडायचा नाही, स्पिरिटच्या बाटलीत टाकायचा.

मी चिडून शेल्टरला फोन केला. आजारी कुत्रं गळ्यात मारलंत, असं काहीतरी बोललो. मुलगी संध्याकाळी फाईल घेऊन आली. आमच्याकडे देण्याआधी आठ दिवस केलेली रक्ततपासणी त्यात होती, प्लेटलेट्स व्यवस्थित. गोचीड त्यांच्या माळावरचा असेल किंवा आमच्या बागेतला, सांगता येत नाही, असं ती म्हणाली. मी बागेत विजेरी घेऊन बघितलं. कंपाऊंडच्या भिंतीच्या फटीत, मोजून सात. फोन करून माफी मागायला मला पुढचा दिवस उजाडला.

गोळी कडू. चघळायची आणि बाजूला थुंकायची. साताऱ्याच्या माणसाला जे सुचेल ते मला सुचलं, गोळी कंदी पेढ्यात घालून दिली. भाऊनीनं अशी गट्ट केली की मीच माझ्यावर खूश. तीन दिवस हा प्रयोग चालला. डॉक्टरांना अभिमानानं सांगितलं तर ते कपाळाला हात लावून म्हणाले, "साहेब, दुधाच्या पदार्थाबरोबर ही गोळी नीट लागू पडत नाही. आणि साखर कशाला? पेढा तुम्ही खा, तिला उकडलेल्या कलेजीत द्या." आमच्या घरात कलेजी शिजण्याचा तो पहिला प्रसंग. आई दार लावून आत बसली. अठ्ठावीस दिवस बायको रोज सकाळी पोळीच्या डब्याशेजारी तो वेगळा डबा ठेवायची आणि कॅलेंडरवर काट मारायची.

याच काळात मला पाठीची उसण भरली आणि तिला फिरवणं बंद पडलं. भाऊ रोज संध्याकाळी पाचला चार भिंतींकडे, म्हणजे टेकडीवरच्या त्या स्मारकाकडे, फिरायला जातात. एके दिवशी गेट वाजलं, बघतो तर भाऊ पट्टा हातात घेऊन उभे. "पायात पायात येत होती, म्हटलं नेऊन आणतो." गेटला पट्टी होती, भोकाला जाळी होती, कुत्री कंपाऊंडच्या आत होती. ती त्यांच्या पायात कुठून आली, हा मोजणीचा मुद्दा मी काढला नाही.

दिवाळीत ती पुन्हा कोनाड्यात गेली, चार दिवस. फटाका लांब वाजला तरी दात वाजायचे. आईनं कोनाड्याला आपलं जुनं लुगडं पडद्यासारखं लावलं. भाऊंचा नातू आला होता. त्याच्या सुतळी बॉम्बचं खोकं पाडव्याच्या आदल्या दिवशी हरवलं ते अजून सापडलेलं नाही. भाऊ म्हणतात, घुशी नेतात.

नोव्हेंबरच्या शेवटी नातीचा वाढदिवस होता, आम्हा तिघांनाही पुण्याला जायचं होतं. शुक्रवारी रात्री माळ्यावरून बॅग काढली. भाऊनी झोपली होती ती उठली. बॅगेला एक प्रदक्षिणा घातली, आत चढली आणि माझ्या शर्टावर बसली. कान दोन्ही पडलेले. ढाब्यामागं सापडण्याआधी तिच्या घरात कुठली बॅग भरली गेली होती, कुणास ठाऊक. बायको कपडे घडी करायची थांबली. आमच्या दोघांच्याही डोळ्यांपुढं जतची पायरी होती, पण तिचं नाव कुणी काढलं नाही.

मी चप्पल घातली आणि भाऊंकडे गेलो. फॉर्म भरताना जे विचारायला हवं होतं ते पाच महिन्यांनी विचारलं. "भाऊ, दोन दिवस पुण्याला जायचंय. तुम्ही…"

"अंडं कितीला देता?"

"आठला. आणि—"

"गोळी?"

"संपली. फक्त कांदा-लसूण—"

"माहितीये."

सकाळी निघताना तिला भाऊंच्या ओट्यावर सोडलं. मी पायरीवर टेकलो आणि उद्या संध्याकाळी येतो म्हणून सांगितलं, मोठ्यानं, माणसाला सांगावं तसं. खंबाटकी घाटापर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. मग आई म्हणाली, "खाईल का रं ती?"

दुपारी केक कापताना मोबाईल वाजला. भाऊंचा फोटो. भाऊनी त्यांच्या खुर्चीखाली, तोंडात त्यांचीच चप्पल. खाली लिहिलं होतं: जेवली. २ अंडी. मी तोच फोटो शेल्टरला पाठवला, त्या महिन्याचा राहिला होता.

रात्री त्यांना फोन लावला. "काय करतीये?"

"झोपलीये. तुम्ही कधी येताय?"

"उद्या संध्याकाळी. पाचपर्यंत."

जरा वेळ पलीकडून टीव्हीचाच आवाज येत राहिला. मग भाऊ म्हणाले, "सोमवारी आलात तरी चालेल. पाच वाजता आमचं चार भिंतींना जायचं ठरलंय."